एका सर्व्हरवर अनेक मेल सेवा आणि अनेक आयपी अ‍ॅड्रेस

एकाच मशीनला दोन किंवा जास्त आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचे आकडी पत्ते) द्यायचे आणि कुठली मेल सेवा कुठल्या अ‍ॅड्रेसवर ऐकणार, कुठल्या अ‍ॅड्रेसवरनं मेल बाहेर पाठवणार हे ठरवून द्यायचं, अशी ही मांडणी. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागात हा विषय निघतो तो बहुतेक दोन डोमेनमुळे. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे ज्याच्या डोमेनात गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे त्याला नवं पण घ्यावंसं वाटतं आणि जुनं तर सोडता येत नाही, कोल्हापूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांकडे तेच लिहिलेलं असतं. पण नुसत्या दोन डोमेनसाठी दुसरा आयपी लागत नाही. मेल येतानाच कुणासाठी आहे ते पूर्ण अ‍ॅड्रेसनं सांगते, त्यामुळे एकाच आयपीवर पन्नास डोमेन सुखानं चालतात.

दुसरा आयपी खरा लागतो तो पत, म्हणजे त्या आयपीवर बाकीच्या मेल सर्व्हरांचा असलेला विश्वास, वेगळी ठेवायला. समजा उद्यमबागेतली एक फाउंड्री आहे, तिची बिलं, कोटेशनं एका बाजूला आणि दिवाळीला हजारो लोकांना जाणारं शुभेच्छापत्र दुसऱ्या बाजूला. शुभेच्छांना कुणी स्पॅम म्हणून टाकलं, आयपी ब्लॉकलिस्टवर, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत, गेला, की बिलं पण अडकतात. खडे बाजारातल्या दुकानाला मालाचं शटर वेगळं आणि गिऱ्हाइकाचं वेगळं असतं, तसंच हे.

ऐकायची बाजू सोपी आहे. मेल पोर्ट २५ वर येते (पोर्ट म्हणजे आयपीवरचा नंबर दिलेला दरवाजा), आणि एका आयपीवरचं एक पोर्ट एकाच प्रोग्रामला मिळतं. पहिल्या प्रोग्रामनं सगळेच अ‍ॅड्रेस धरून ठेवले की दुसरा चालूच होत नाही, म्हणून दोघांना आपापला अ‍ॅड्रेस नेमून द्यावा लागतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्राममध्ये त्यासाठी इनेट_इंटरफेसेस ही सेटिंग आहे, आणि ते बदललं तर नुसतं रीलोड चालत नाही, बंद करून परत चालू करावं लागतं.

फसतात सगळे पाठवायच्या बाजूला. दोन आयपींवर ऐकतंय म्हणजे दोन्हीवरनं पाठवतंय असं अजिबात नाही, वेगळं सांगितलं नाही तर बाहेर जाणारी मेल बहुतेक वेळा मशीनच्या मुख्य आयपीवरनंच जाते. पोस्टफिक्सच्या मास्टर डॉट सीएफ या फाइलीत दोन ट्रान्सपोर्ट, म्हणजे मेल बाहेर पाठवायचे दोन मार्ग, करून प्रत्येकाला स्वतःचं एसएमटीपी_बाइंड_अ‍ॅड्रेस (कुठल्या आयपीवरनं पाठवायचं ते) आणि हेलो नाव (समोरच्या सर्व्हरला स्वतःची ओळख सांगायचं नाव) द्यायचं, मग पाठवणाऱ्यानुसार ट्रान्सपोर्ट निवडायचं. पाठवणाऱ्यानुसार निवडायची ही सोय पोस्टफिक्स २.७ पासून आहे. आणि आपल्याकडे लाईट जाते हे धरून चाला. हातानं कमांड देऊन जोडलेला आयपी मशीन परत चालू झाल्यावर गायब होतो, तेव्हा पोस्टफिक्स लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतं आणि मेल दुसऱ्या आयपीवरनं गुपचूप पाठवून देतं, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच जातं. म्हणून आयपी नेटवर्कच्या कायमच्या फाइलीतच लिहायचा. पोस्टफिक्स ३.७ पासून एसएमटीपी_बाइंड_अ‍ॅड्रेस_एन्फोर्स चालू करता येतं, मग आयपी नसेल तर मेल थांबून राहते.

प्रत्येक आयपीला स्वतःचं पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे आयपीवरनं नाव सांगणारी नोंद, पाहिजे. ते डोमेनच्या पॅनेलात सहसा मिळत नाही, ज्याच्याकडनं आयपी घेतला त्यालाच सांगावं लागतं. पीटीआरमधल्या नावावरनं परत आयपी शोधल्यावर त्याच आयपीवर आलं पाहिजे, हेलोतही तेच नाव ठेवावं. डोमेनच्या एसपीएफमध्ये, म्हणजे त्या डोमेनची मेल कुठल्या आयपीवरनं येऊ शकते त्या नोंदीत, दोन्ही आयपी लिहायचे.

शेजारशेजारचे दोन आयपी घेतले तर मात्र फायदा अर्धाच, काही ब्लॉकलिस्ट शेजारच्या आयपींचा पूर्ण पट्टाच आत टाकतात. जीमेलसारखे मोठे लोक तर डोमेनची पत पण बघतात, त्यामुळे शुभेच्छांना सबडोमेनही वेगळं द्यावं हे उत्तम.

सगळं झाल्यावर दोन्हीकडनं एकेक मेल स्वतःच्या बाहेरच्या खात्यावर पाठवायची, हेडर (मेलसोबत येणारी प्रवासाची माहिती) उघडायचं आणि तिकडच्या सर्व्हरनं लिहिलेल्या रिसीव्ड ओळीत कुठला आयपी आलाय ते बघायचं.