‘नो करंट थ्रेट्स’ म्हणजे नेमकं काय?

आमच्या शेजारचे काका सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. आता विश्रामबागेतल्या घरी बसून दोन-तीन व्यापाऱ्यांचे हिशेब कॉम्प्युटरवर लिहितात. परवा झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आले आणि पाहतात तर पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. त्यांनी विंडोजमधलंच डिफेंडर हे अँटिव्हायरस चालवलं. ‘नो करंट थ्रेट्स’, म्हणजे सध्या कुठलाही धोका नाही, असं उत्तर आलं. दुसरा पेनड्राइव्ह लावला, त्याचीही तीच गत. ‘हे खोटं बोलतंय का रे?’ असं विचारत काका आले.

आधी एक दिलासा. शॉर्टकट झाले म्हणजे हिशेब गेले असं नसतं. हा व्हायरस खरे फोल्डर नुसते लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. आपण क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेली छोटी फाइल, चालते, मग खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे शंका येत नाही. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, तर मात्र माहिती आपल्याच हाताने जाते.

आता तपासणीचं. हळद पावडरीत मेटॅनिल यलो हा रंग मिसळला आहे का, ते हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पाहतात. गुलाबी रंग पाणी घातल्यावरही टिकला, तर भेसळ आहे. पण याच चाचणीने लेड क्रोमेटची भेसळ कळत नाही, तिची परीक्षा वेगळी. अँटिव्हायरसमधल्या ओळखखुणा अशाच एकेका भेसळीसाठी असतात. माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणांची यादी मायक्रोसॉफ्टकडून रोज येत राहते आणि डिफेंडर प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहतं. शिवाय एखादा प्रोग्रॅम वागतो कसा यावरही नजर ठेवतं, कारण नव्या व्हायरसची खूण यादीत नसते.

यादी कितीही वाढवली तरी पूर्ण खात्री मिळत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं. त्यांचा युक्तिवाद मला फार सुंदर वाटतो. समजा, कुठलाही व्हायरस बिनचूक ओळखणारा एक परीक्षक आहे. मग असा प्रोग्रॅम लिहा, जो स्वतःबद्दल त्या परीक्षकालाच विचारेल. ‘तू व्हायरस आहेस’ असं उत्तर आलं तर तो गप्प बसेल, ‘नाहीस’ असं आलं तर पसरायला लागेल. परीक्षक काहीही म्हणाला तरी चुकणारच! म्हणजे असा परीक्षक असूच शकत नाही.

काकांच्या कॉम्प्युटरची अडचण मात्र इतकी खोल नव्हती. फुल स्कॅनला एरवी तासभर किंवा जास्त लागतो. त्यांचा चहा होईपर्यंत संपला. मला तिथेच शंका आली. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये खाली ‘एक्सक्लुजन्स’ असतात, म्हणजे जिथे बघू नकोस असं सांगून ठेवलेल्या जागा. तिथे दोन नोंदी होत्या: अख्खा सी ड्राइव्ह, आणि ‘व्हीबीएस’ प्रकारच्या, म्हणजे स्क्रिप्टच्या, सगळ्या फाइल्स. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मुलाने हिशेबाचं सॉफ्टवेअर फुकटात ‘क्रॅक’ करून दिलं होतं. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं त्याबरोबर लिहिलेलं होतं, हे काकांना आठवलं. डिफेंडर खरंच बोलत होतं, त्याला बघायलाच मनाई होती. झेरॉक्सवाल्यावर उगाच आळ आला, व्हायरस घरातूनच पेनड्राइव्हवर जात होता.

दोन्ही नोंदी काढल्या. ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मधून यादी ताजी केली, जुन्या यादीवर स्कॅन करण्यात अर्थ नसतो. मग फुल स्कॅन. यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते: फुल स्कॅनमध्ये पेनड्राइव्ह आपोआप धरला जात नाही. त्यावर राइट क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ वेगळं निवडावं लागतं.

शेवटी ऑफलाइन स्कॅन. काही व्हायरस विंडोजच्या इतक्या आत शिरतात, की डिफेंडरने फाइल्सची यादी मागितली तर स्वतःचं नाव वगळून देतात. म्हणून हा स्कॅन कॉम्प्युटर बंद-चालू करून, विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच होतो. साधारण १५ मिनिटं लागतात. उघड्या फाइल्स सेव्ह करून ठेवा, आणि लाइट जायची शक्यता असेल तर इन्व्हर्टर असल्याशिवाय सुरू करू नका.

फुल स्कॅनमध्ये दोन स्क्रिप्ट सापडल्या होत्या, त्यातली एक कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणारी. ऑफलाइन स्कॅनमध्ये आणखी काही निघालं नाही. लपलेले फोल्डर उघडे केले तेव्हा हळदीचे तीन वर्षांचे सौदे जिथल्या तिथे होते. ते क्रॅक सॉफ्टवेअर काकांनी माझ्यासमोरच काढून टाकलं.