संदर्भग्रंथ चाळणे (अमेरिकी लोकप्रिय संस्कृती)

टीव्ही मालिका, चित्रपट, गाणी, कॉमिक्स यांची नोंदवार माहिती देणारे जाडजूड अमेरिकी ग्रंथ, काहीही शोधायचे नसताना, हाताला येईल त्या पानावर उघडून वाचत बसण्याचा छंद.

या छंदाला सर्वांत पोषक ग्रंथ म्हणजे टिम ब्रूक्स आणि अर्ल मार्श यांची टीव्ही कार्यक्रमांची सूची. पहिली आवृत्ती १९७९ ची, नववी २००७ ची. १९४६ पासून अमेरिकी नेटवर्कांनी संध्याकाळी दाखवलेल्या मालिका इथे अकारविल्हे सापडतात. प्रत्येक नोंदीत पहिल्या व शेवटच्या प्रक्षेपणाची तारीख, वार, वेळ, नेटवर्क, कलाकार आणि मग थोडक्यात हकिकत. एबीसी या नेटवर्कवरील 'टर्न-ऑन' या विनोदी कार्यक्रमाच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रक्षेपणाची तारीख एकच आहे: ५ फेब्रुवारी १९६९. क्लीव्हलंडच्या केंद्राने तर तो अर्ध्यातच बंद केला. थोडी पाने उलटली की 'द ट्वायलाइट झोन' भेटते, पाच वर्षे चाललेली आणि आजही पाहिली जाणारी. वर्णक्रम लहानथोर पाहत नाही. म्हणूनच, ज्याचे नावही कधी कानावर पडले नसते ते इथे आपोआप वाचून होते, आणि चाळण्याचा खरा आनंद तिथेच आहे.

ग्रंथाच्या शेवटी हंगामवार वेळापत्रके आहेत. तीही नोंदींइतकीच वाचनीय. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रविवारी रात्री आठला 'एड सलिव्हन शो'मध्ये बीटल्स गायले आणि सुमारे ७.३ कोटी लोकांनी ते पाहिले, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच वेळी दुसऱ्या नेटवर्कवर, एनबीसीवर, डिस्नेचा कार्यक्रम चालू होता, म्हणजे अनेक घरांत मुलांमध्ये वाहिनीवरून ओढाताण झाली असणार, हे तक्त्यातल्या शेजारशेजारच्या चौकटी पाहताना ध्यानात येते.

संगीतात हा मान विस्कॉन्सिनच्या जोएल व्हिटबर्न (१९३९–२०२२) यांचा. आपल्या रेकॉर्ड-संग्रहासाठी 'बिलबोर्ड' या संगीतविषयक नियतकालिकाच्या लोकप्रियता-याद्यांतली माहिती ते कार्डांवर टिपत असत. त्यातून १९७० मध्ये पहिले पुस्तक निघाले. गाणे यादीत कधी आले, किती वर चढले, किती आठवडे टिकले, एवढेच आकडे. तरीही एखाद्या गायकाच्या नावाखाली एकच ओळ दिसली की त्याची सारी कारकीर्द डोळ्यांपुढे येते. रेडिओ निवेदकांना ही पुस्तके हाताशी लागत.

लोकप्रिय संस्कृती या विषयाला विद्यापीठीय आधार दिला तो ओहायोतील बोलिंग ग्रीन विद्यापीठाच्या रे ब्राउन यांनी. तिथले लोकप्रिय संस्कृतीचे ग्रंथालय १९६९ चे.

इंटरनेटवर माहिती फुकट मिळू लागल्यावर छापील ग्रंथ मागे पडले. चित्रपट-समीक्षक लेनर्ड मॉल्टिन यांचे १९६९ पासूनचे चित्रपट-मार्गदर्शक २०१४ मध्ये शेवटचे निघाले. त्याच्या जुन्या आवृत्त्या मात्र रद्दीत घालू नयेत: नव्या चित्रपटांना जागा करताना पुढच्या आवृत्त्यांतून बरेच जुने चित्रपट वगळले गेले, आणि चाळणाऱ्याला हवे असतात ते नेमके तेच.