कुत्र्याची भीती : तपासणीला येण्याआधी एवढं वाचा

“भीती आहे हे आम्हाला ठाऊकच आहे, मग तासभर कसली तपासणी?” असं बरेच जण विचारतात. रात्री अकराला गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा भटकी कुत्री भुंकत अंगावर आली आणि तुम्ही गाडी वळवली, तर ते शहाणपण झालं. त्याला आम्ही आजार म्हणत नाही. साखळीला बांधलेलं कुत्रं किंवा साधं पिल्लू दिसलं तरी जवळजवळ दर वेळी लगेच छाती धडधडते, हे किमान 6 महिने चाललंय आणि त्यापायी शाळा, नोकरी, पाहुण्यांकडे जाणं अडतं, तेव्हा त्याला फोबिया म्हणतात. लहान मुलं भीती बोलून दाखवतीलच असं नाही. ती रडतात, आईला चिकटतात, नाहीतर जागीच थिजतात. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये हे दिसत नाही, म्हणून आम्ही त्या लिहून देत नाही.

वेळ वाया जातो तो एकाच गोष्टीत. “भीती शंभरपैकी किती?” या प्रश्नाला “असेल तीस” असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं. कुत्रं समोर येऊच नये अशी सोय घरानं करून ठेवलेली असते. दूध आणायला दादा जातो, क्लासला आजोबा सोडतात, मावशीकडे जाण्याआधी “बांधलाय ना?” असा फोन होतो. म्हणून येण्याआधी दोन आठवडे वही ठेवा : कुठे जायचं होतं, कोणत्या रस्त्यानं गेलात, सोबत कोण होतं, आणि मुख्य म्हणजे कुठे गेलाच नाहीत. वही नसली की पहिली भेट ती यादी करण्यातच जाते आणि एका भेटीचे पैसे तुम्हाला जादा पडतात. मुलाच्या वतीनं आईवडिलांनी सगळी उत्तरं देऊ नयेत. त्याच्याशी आम्ही वेगळं बोलतो.

तास लागतो तो भीतीचं मूळ ओळखायला. चावा झाल्यावर तोच प्रसंग स्वप्नात, डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत असेल तर तो आघातानंतरचा ताण असू शकतो. कुत्रं नुसतं जवळून गेलं तरी लाळ लागली असेल म्हणून तीनदा कपडे धुणं, चावा नसताना रेबीजच्या इंजेक्शनचा हट्ट धरणं, हे ओसीडीकडे, म्हणजे नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती करायला लावणाऱ्या आजाराकडे झुकतं. उपचार वेगळे, म्हणून घाईत शिक्का मारत नाही.

गरज वाटली तर दुसऱ्या भेटीत जवळ जाण्याची चाचणी होते. पट्ट्यातलं शांत कुत्रं, सोबत त्याचा सांभाळणारा, आणि तुम्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला. जमेल तेवढंच पुढे यायचं. जिथे थांबाल तिथलं अंतर आणि त्या क्षणीची भीती 0 ते 100 मध्ये लिहिली जाते. कुणी ढकलत नाही. त्या दिवशी मनानं गोळी घेऊन येऊ नका, आकडे फसवे येतात. डॉक्टरांनी रोजची दिलेली औषधं मात्र चालूच ठेवा आणि चिठ्ठी दाखवा.

चावा ताजा असेल तर आमच्याकडे नंतर या. आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पुरे करा.

निदानाचा अहवाल लेखी मिळतो. तो घेऊन दुसरीकडे उपचार घेतलेत तरी हरकत नाही. आमच्याकडे टप्प्याटप्प्यानं सराव होतो, आणि योग्य व्यक्तीसाठी तीन तासांपर्यंतचं एकच मोठं सत्रही असतं. तोवर “भीती मोडायला” शेजारचं पिल्लू मुलाच्या मांडीवर ठेवू नका. मग मूल आमच्या दारातही पाऊल टाकत नाही. पहिल्या भेटीत कुत्रं नसतं, हे त्याला सांगून आणा.