महिला-बालकल्याणाचे दहा टक्के म्हणजे अंगणवाडीचा निधी नव्हे

ग्रामसभेत हमखास ऐकू येतं, ‘अंगणवाडीला वरून पैसे येतात, मग ग्रामपंचायतीचे दहा टक्के तिथे कशाला घालायचे?’ आणि त्याच सभेत पलीकडून कुणीतरी तितक्याच खात्रीने म्हणतं, ‘आपले दहा टक्के अंगणवाडीवरच तर जातात, नाहीतर पोरांचा आहार येतो कुठून?’ हे दहा टक्के म्हणजे ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून महिला-बालकल्याणावर खर्च करायचा वाटा. दोघंही चुकतात. दोघांच्या मधल्या गोंधळात गावातल्या सगळ्यात लहान मुलांचा हक्काचा पैसा कुठल्या कुठे निघून जातो. मी महाराष्ट्रातल्या खेड्यांमध्ये ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांची प्रशिक्षणं घेते. प्रत्येक प्रशिक्षणाचा पहिला तास हा एकच गुंता सोडवण्यात जातो, म्हणून तो एकदाचा लिहून काढते आहे.

अंगणवाडी तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ती भरभर सांगते. एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आयसीडीएस, २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आपल्याकडचं मेळघाटातलं धारणी त्यांतलं एक. सेवा सहा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली तर मोठ्या दवाखान्यात पाठवणं), पूर्वप्राथमिक शिक्षण आणि बायकांसाठी आहार-आरोग्याचं शिक्षण. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना केंद्रात गरम ताजा आहार, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आणि गरोदर-स्तनदा मातांना घरी न्यायचं पाकीट, म्हणजे टीएचआर. वर्षातले ३०० दिवस. सेविका आणि मदतनीस, त्यांच्यावर पर्यवेक्षिका, तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी. पैसा केंद्राचा आणि राज्याचा. आहार आणि मानधन यांची रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतच नाही. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये सेविका-मदतनीस मानधनासाठी आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर होत्या, तेव्हा मी ज्या गावांत होते तिथे लोक सरपंचाला जाब विचारत होते. सरपंच काय करणार? मानधन वाढवायचा कागद मुंबईत निघतो.

किरकोळ गोंधळ आणखी दोन-तीन आहेत, ते उरकून घेते. अंगणवाड्या पाहणारं आयसीडीएस आयुक्तालय नवी मुंबईत आहे आणि बालगृहं, संरक्षण अधिकारी वगैरे पाहणारं महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यात, त्यामुळे अर्ज चुकीच्या पत्त्यावर जातात. जिल्हा परिषदेची ‘महिला व बालकल्याण समिती’ ही तिसरीच, निवडून आलेल्या सदस्यांची. आणि पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी गावांना ग्रामसभेचे खास अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात, पाच टक्के अबंध (विशिष्ट कामाला न बांधलेला) निधी ग्रामसभेच्या कोषात येतो, तो आदिवासी उपयोजनेतला, त्याचा या दहा टक्क्यांशी काही संबंध नाही. नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत होते, पण त्याने फार नुकसान होत नाही. खरं नुकसान पुढच्या गोष्टीने होतं.

दहा टक्के म्हणजे काय? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या किमान १० टक्के रक्कम महिला आणि बालकांच्या कल्याणावर खर्च करायची असते. स्वतःचं उत्पन्न म्हणजे गावाने गावातून गोळा केलेलं : घरपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडे बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं, यात्रा कर. सरकारी अनुदान यात धरत नाहीत. याच स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी असतात. ते वेगळे आणि हे वेगळे. एकाच खर्चाची पावती दोन्हीकडे लावलेली दिसली तर तिथेच हात वर करा.

आता जिथे पाय घसरतो ते सांगते. आयसीडीएस ही मागायची गोष्ट आहे, दहा टक्के ही ठरवायची गोष्ट आहे. टीएचआरचं पाकीट कसलं असावं, आहाराला माणशी किती पैसे, सेविकेला मानधन किती, यातलं काहीही गावात ठरत नाही. गाव लक्ष ठेवू शकतं, तक्रार करू शकतं, वर पाठपुरावा करू शकतं. उलट दहा टक्के कुणीही वरून पाठवत नाही. मंत्रालयातून त्याचा हप्ता येत नाही, ‘अजून निधी आला नाही’ हे उत्तर त्याला लागूच पडत नाही. पैसा गावाच्या खात्यात आधीच पडलेला असतो आणि त्याचं काय करायचं हे ठरवायला दुसरं कुणी येणार नसतं.

आमच्या बायकांचं नेमकं उलटं होतं. जे मागायला हवं त्यासाठी त्या सरपंचाशी भांडतात आणि जे जागेवर ठरवता येतं त्याचं निवेदन घेऊन जिल्ह्याला जातात. एका गावातल्या महिलांनी अंगणवाडीच्या सतरंज्या आणि वजनकाटा मिळावा म्हणून जिल्ह्याच्या कचेरीत तीन खेपा घातल्या. त्या वर्षी त्यांच्याच ग्रामपंचायतीत दहा टक्क्यांतली रक्कम खर्चावाचून पडून होती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याने सांगायचं त्याने विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं ठरवलेलं होतं. असलं काही ऐकलं की मला अजूनही वाईट वाटतं, कारण एसटीच्या त्या तीन खेपांच्या भाड्यात एक सतरंजी आली असती.

दहा टक्के कशाचे, हेही नीट धरा. कागदावर घरपट्टीची मागणी समजा आठ लाखांची आहे आणि वसुली पाच लाखांची झाली, तर हिशोब पाच लाखांचा, म्हणजे पन्नास हजार. थकबाकीदार घराने केवळ ग्रामपंचायतीचे पैसे बुडवले नाहीत, त्यातला दहावा हिस्सा त्याने गावातल्या पोरांचा अडवला. वसुलीच्या चर्चेत बायकांनी हे मोठ्याने म्हणावं. मागणी नमुना ९ मध्ये असते, अर्थसंकल्प नमुना १ मध्ये, आणि प्रत्यक्ष आला-गेला पैसा रोकडवहीत, म्हणजे नमुना ५ मध्ये. एवढ्या तीन वह्या मागायला शिकलेली सदस्या मी दहा भाषणं ठोकणाऱ्या सदस्येपेक्षा मोठी मानते. गेल्या वर्षीची रक्कम खर्च झाली नसेल तर ती अनुशेष म्हणून वेगळी मांडायला लावा, नाहीतर नव्या वर्षाच्या आकड्यात ती विरघळून जाते.

केंद्राकडून येणारा वित्त आयोगाचा पैसा आणखी वेगळा. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के रक्कम बंधित होती, पाणी आणि स्वच्छतेसाठी. अंगणवाडीचा नळ, हात धुवायची जागा, मुलांच्या मापाचं शौचालय ही कामं तिथून होऊ शकतात. म्हणून दहा टक्क्यांतून नळ बसवून घेऊ नका. ज्या कामाला दुसरा पैसा आहे त्यावर हा पैसा घालवणं मला पटत नाही.

आणि पेव्हर ब्लॉक. अंगणवाडीपुढच्या अंगणात पेव्हर ब्लॉक टाकून तो खर्च ‘बालकल्याण’ म्हणून दाखवलेला मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता कुठल्याही अंगणवाडीत शिरताना आधी पायाखाली पाहते. मुलांना धावायला माती बरी. तीच गोष्ट आठ मार्चच्या सत्काराची, हळदी-कुंकवाच्या वाणाची आणि वर्षानुवर्षं चाललेल्या शिलाई मशीन वाटपाची. शिलाई मशीनने एखाद्या बाईचं घर उभं राहिलेलंही मी पाहिलं आहे, त्यामुळे मशीनला माझा विरोध नाही. पण ‘महिला व बालकल्याण’ या शब्दांतलं बालक दरवर्षी गळून पडतं आणि महिलांच्या नावाने जे उरतं तेही चार ओळखीच्या घरांत जातं, याला माझा ठाम विरोध आहे.

मग हा पैसा कुठे घालावा? माझं मत स्पष्ट आहे : तीन वर्षांखालच्या मुलांवर. कारण अंगणवाडीची रचनाच अशी की तिची नजर तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर जास्त पडते. ती मुलं समोर बसलेली असतात. त्याहून लहान मूल घरी असतं आणि त्याच्या वाट्याला पाकीट येतं. गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस मेंदूच्या आणि उंचीच्या वाढीचे, आणि तेव्हा गमावलेलं नंतर पुरतं भरून निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ३५.२ टक्के आलं. म्हणजे तीन मुलांत एकाहून थोडं जास्त, आणि दोन फेऱ्यांमध्ये सुधारणा काही नाही.

त्या वयाचं मूल एका वेळी मूठभर खातं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवावं लागतं. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी सातला शेतात जाते, संध्याकाळी येते. भरवायला असते म्हातारी आजी नाहीतर सात वर्षांची बहीण, जिची शाळा त्यापायी बुडते. पाकीट घरात आहे, भरवणारं माणूस घरात नाही. ही उणीव आयसीडीएसच्या पाकिटाने भरून निघणार नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची तरतूद केली होती. ती कागदावर उत्तम होती. पण शेतकऱ्याच्या रानात वेचायला जाणाऱ्या बाईला ती लागू नव्हती.

म्हणून हंगामी पाळणाघर. ज्या गावाच्या दहा टक्क्यांची रक्कम साठ हजार होते त्याचा हिशोब पाहा : ऑक्टोबर ते जानेवारी असे चार महिने, दोन बायका, दोघींना दरमहा पाच-पाच हजार, झाले चाळीस हजार. उरलेल्या वीस हजारांत अंडी, केळी, तूप, दोन गाद्या, झोळ्या, प्यायच्या पाण्याचं पिंप. जागा समाजमंदिराची. काम गावातल्या उमेदच्या ग्रामसंघाकडे, म्हणजे महिला बचत गटांच्या संघाकडे, द्या म्हणजे पैसा बायकांच्याच हातात राहतो. मानधनाच्या बाबीवर कुणी तांत्रिक हरकत काढू नये म्हणून ठरावाआधीच पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांशी बोलून घ्या, तोंडी नको, लेखी. आणि सेविकाताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. वजन-उंची त्याच घेतात, कुठलं मूल घसरतंय ते त्यांना गावात सगळ्यात आधी कळतं. पाळणाघर म्हणजे त्यांच्या कामावर अविश्वास नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगा.

हे सगळं ठरतं कुठे? महिला सभेत. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ नुसार प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. कित्येक ठिकाणी ती घराघरांत रजिस्टर फिरवून सह्यांवर उरकतात. अशा रजिस्टरवर सही करू नका, मग घरातलं कुणीही समोर उभं असो. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांचे यजमान बसून बोलतात, आणि महिला सभेतही दारात उभे राहतात. त्यांना बाहेर बसायला सांगणं हे सभेचं पहिलं काम.

दुसरी अडचण वेळेची. बायका ठराव आणतात मार्चमध्ये किंवा आठ मार्चच्या कार्यक्रमात, तोवर अर्थसंकल्प झालेला असतो. गाव विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या ग्रामसभेच्या आधीची महिला सभा ही तुमची. ठराव तिथे व्हावा, ग्रामसभेत वाचला जावा आणि अर्थसंकल्पात रकमेसह उतरावा. ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, लागते. तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला ती लागत नाही. म्हणजे पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली म्हणून घरी जाऊन झोपू नका. दुसऱ्या सभेत बारा माणसं बसून तुमच्या पाळणाघराचे पेव्हर ब्लॉक करू शकतात.

मी बायकांना ठरावाचा मसुदा असा लिहून देते, आणि त्यातला आकडा त्यांनी वही बघून स्वतः भरायचा असतो :

‘ग्रामपंचायतीच्या चालू वर्षाच्या प्रत्यक्ष स्वउत्पन्नाच्या दहा टक्के, म्हणजे रुपये ______, अधिक मागील वर्षाचा अनुशेष रुपये ______, यातून सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठी वेचणी हंगामात चार महिने पाळणाघर चालवावे. ही रक्कम बांधकाम, सत्कार किंवा वस्तुवाटपावर खर्च करू नये. खर्चाचा तपशील प्रत्येक महिला सभेत वाचून दाखवावा.’

सूचक आणि अनुमोदक दोघीही बायका असाव्यात. आणि सही-शिक्क्याची नक्कल हातात आल्याशिवाय सभेतून उठू नका.