बोरीची राख: एका थराच्या वयाचा घोळ

भारतीय भूपट्टाचा प्रवास शाळेतच शिकवला जातो, त्यामुळे तो थोडक्यात. मादागास्करपासून फारकत सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आशियाशी टक्कर 5 कोटींच्या आसपास. टकरीआधी वेग वर्षाला 15 सेंटिमीटरच्या वर गेला होता; आज तो 5 च्या आसपास आहे. लाव्हा किती जाड, हे कोयना खोऱ्यात गोठणे गावी 3 किलोमीटर खोल घेतलेल्या बोअरने दाखवलं: सव्वा किलोमीटर बेसाल्ट (थिजलेल्या लाव्हाचा खडक) आणि त्याखाली, मधे गाळाचा थर नसताना, थेट ग्रॅनाइट-नाइस हा पायाचा खडक.

या बेसाल्टवर माणूस कधी आला, हा प्रश्न मात्र जुन्नर तालुक्यातल्या बोरीला येऊन अडकतो. कुकडीच्या काठावर पांढुरक्या ज्वालामुखी राखेचा थर आहे आणि त्याच्या खालच्या गोट्यांच्या थरात दगडी हत्यारं मिळतात. एवढ्या अलीकडच्या काळात दख्खनमध्ये ज्वालामुखी नव्हताच. ही राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, सुमारे तीन हजार किलोमीटर उडत आलेली.

1980च्या दशकाच्या अखेरीस पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने (किरणोत्सारी पोटॅशियमपासून खडकात किती आरगॉन वायू साठला, ते मोजून) या राखेचं वय 14 लाख वर्षं निघालं. पुढे त्याच पद्धतीच्या सुधारित रूपाने, आरगॉन-आरगॉनने, 6 लाख 70 हजार सांगितलं. राखेच्या काचकणांची रसायनं तपासणाऱ्यांनी तर तोबाच्या शेवटच्या महास्फोटाकडे, म्हणजे सुमारे 74 हजार वर्षांकडे बोट दाखवलं. थर एकच आणि वयात जवळपास वीसपट फरक!

चूक कुठे शिरते, ते आकडेमोडीत दिसतं. राख आकाशातून पडली ती पातळच. नदीने उतारावरून ती धुऊन आणून खोलगट जागी साठवली, म्हणून थर जाड झाला. धुताना बेसाल्टची वाळू, आणि तिच्यात कोट्यवधी वर्षं साठलेला आरगॉन, मिसळणारच. नमुन्यातलं 1 टक्का पोटॅशियम जरी 6 कोटी 60 लाख वर्षांच्या बेसाल्टमधून आलं, तर 74 हजारांची राख सव्वासात लाखांची दिसते. 2 टक्के आलं, तर जवळपास 14 लाखांची. ही आकडेमोड म्हणजे पुरावा नव्हे, पण दोन्ही जुने आकडे या हिशेबाच्या इतके जवळ यावेत हे दुर्लक्षिण्यासारखंही नाही.

म्हणून नमुना थराच्या तळातून, शक्य तितक्या स्वच्छ भागातून घ्यावा लागतो. वरचा भाग सर्वांत जास्त मिसळलेला असतो. मग चाळणं, धुणं, चुंबकाने लोहयुक्त कण काढणं आणि जड द्रवात काच वेगळी करणं. काचेची घनता 2.4च्या आत, फेल्डस्पार या खनिजाची 2.5च्या वर, त्यामुळे मधल्या घनतेच्या द्रवात काच तरंगते आणि फेल्डस्पार बुडतो. शेवटी एकेक कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. बुडबुड्याच्या फुटक्या भिंतीसारखे वक्र, टोकदार तुकडे तेवढे खरे.

रसायनांचाही एक तिढा आहे. तोबाचा सुमारे 8 लाख वर्षांपूर्वीचा स्फोटही मोठा होता आणि त्या राखेचे मुख्य घटक नव्या राखेशी इतके जुळतात की नुसत्या सिलिका-पोटॅशियमवरून निवाडा करणं धोक्याचं. बेरियमसारखी अल्प प्रमाणातली मूलद्रव्यं मोजावीच लागतात.

आणि राखेचं वय म्हणजे हत्यारांचं वय नव्हे. हत्यारं राखेखाली असली तर ती राखेहून जुनी, एवढंच. तेही नदीने मधे थर कापून नवी भर घातली नसेल तरच. ही तपासणी सोडून 14 लाखांचा आकडा अजूनही ‘महाराष्ट्रातला पहिला माणूस’ म्हणून छापला जातो, ते चूकच. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमला 15 लाख वर्षांचं वय मिळालं आहे, पण ते गाळाच्या चुंबकीय दिशेवरून आणि दगडी हत्यारांत वैश्विक किरणांनी तयार झालेल्या समस्थानिकांवरून. त्याचा आधार बोरीला उसना घेता येत नाही.