लंडनची बस लेन: मुभा कोणाला, आणि दंडाची नोटीस आली तर दाद कशी मागायची

लंडनमध्ये बस लेनमध्ये गाडी घातली म्हणून घरी जी नोटीस येते, तिच्याशी पोलिसांचा संबंध नसतो. कॅमेरा नंबर टिपतो. रस्ता ज्याच्या ताब्यात, ती यंत्रणा म्हणजे टीएफएल (ट्रान्सपोर्ट फॉर लंडन) किंवा तिथली बरो कौन्सिल (लंडनच्या त्या भागाची नगरपालिका), डीव्हीएलएच्या (गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) नोंदीतून तुमचा पत्ता काढते आणि पेनल्टी चार्ज नोटीस, म्हणजे पीसीएन, पोस्टाने धाडते. हा दिवाणी दंड आहे. लायसन्सवर पॉइंट चढत नाहीत, फौजदारी नोंद होत नाही. रक्कम मात्र सणसणीत आहे. टीएफएलच्या रस्त्यांवर १६० पाउंड, चौदा दिवसांत भरले तर ८०. कौन्सिलच्या नोटिशीवर तिथला आकडा छापलेला असतो, तोच खरा धरायचा.

दाद मागायची असेल तर आधी आपण लेनमध्ये जायला पात्र होतो का, हे स्वतःशी नक्की करून घ्या. पात्रता ठरते ती रस्त्याकडेच्या निळ्या पाटीवरून. पाटीवर ज्यांची चित्रं किंवा नावं असतील त्यांनाच मुभा: बस, सायकल, बहुतेक ठिकाणी ‘टॅक्सी’, कुठे कुठे मोटरसायकल. खाली वेळ लिहिली असेल तर त्या वेळेपुरतीच लेन राखीव, वेळ नसेल तर चोवीस तास. जुने लंडनकर फसतात ते इथेच. टीएफएलच्या लाल रेषांच्या रस्त्यांवरच्या बहुतेक बस लेन डिसेंबर २०२१ पासून कायमच्या चोवीस तासांच्या झाल्या. हे रस्ते लंडनच्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम ५ टक्के, पण शहराची ३० टक्क्यांपर्यंत वाहतूक त्यांच्यावरून जाते. ‘रात्री तर लेन मोकळी असते’ ही सवय तिथे महागात पडते.

बस म्हणजे चालक सोडून आठपेक्षा जास्त प्रवासी बसतील अशी गाडी. मंडळाच्या गणपतीसाठी भाड्याने घेतलेली सोळा आसनी मिनीबस साध्या बस लेनमधून जाऊ शकते, पण पाटीवर ‘लोकल’ असा शब्द असेल तर ती लेन नेहमीच्या मार्गांवर धावणाऱ्या बसचीच. घरची सात आसनी गाडी माणसांनी खच्चून भरली तरी बस होत नाही. गाडी इलेक्ट्रिक असली तरी उपयोग नाही. अपंगांसाठीचा ब्लू बॅज असला तरी लेनमधून गाडी नेण्याचा हक्क मिळत नाही. तो मुख्यतः पार्किंगसाठी असतो. दुचाकीवाल्यांना लाल रस्त्यांवरच्या बहुतेक बस लेन खुल्या आहेत. २००९ मध्ये प्रयोग म्हणून हे सुरू झालं आणि २०१२ मध्ये पक्कं झालं. कौन्सिलच्या रस्त्यांवर मात्र प्रत्येकीचा नियम वेगळा, त्यामुळे डिलिव्हरी करणाऱ्यांनी हद्द बदलली की पाटी पाहावी.

सगळ्यात जास्त वाद टॅक्सीवरून होतो. पाटीवरची टॅक्सी म्हणजे फक्त काळी कॅब. उबर, बोल्ट किंवा गल्लीतली मिनीकॅब यांचं लायसन्स ‘प्रायव्हेट हायर’चं, म्हणजे आधी बुक करूनच घ्यायच्या गाडीचं. प्रवासी चढवायला-उतरवायला त्यांना लेनमध्ये थांबता येतं, पण लेनमधून पुढे जाता येत नाही. ‘मागे गिऱ्हाईक बसलं होतं’ हे उत्तर टिकत नाही.

हा भेद कोर्टात शेवटपर्यंत तपासला गेला आहे. २०१० मध्ये कॅम्डेन कौन्सिलने साउथॅम्प्टन रोवर ॲडिसन ली या मिनीकॅब कंपनीच्या दोन गाड्यांना दंड केला. गाड्या इव्हेंटेक या तिच्याच गटातल्या कंपनीच्या नावावर होत्या, त्या कंपनीने दाद मागितली, आणि दोन पीसीएनचं प्रकरण चढत चढत लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी २०१५ मध्ये निकाल आला: फक्त काळ्या कॅबला लेन देणं ही बेकायदा सरकारी मेहेरबानी ठरत नाही. कारण काळ्या कॅबवर बंधनंही तशीच आहेत. ती रस्त्यात हात दाखवून थांबवता येते, तिचं भाडं ठरलेलं, व्हीलचेअर आत जाईल अशी तिची बांधणी, आणि चालकाने मध्य लंडनमधल्या चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करून ‘नॉलेज’ची परीक्षा दिलेली असते. मला हा निकाल पटतो, तरी त्याच्या कारणांपेक्षा साधा हिशेब जास्त पटतो. लंडनमध्ये मिनीकॅब काळ्या कॅबच्या कितीतरी पट आहेत. त्या सगळ्या आत सोडल्या तर बसला वेगळी लेन दिली काय आणि न दिली काय. मात्र आजारी म्हातारीला घेऊन जाणारी मिनीकॅब बाहेर रांगेत आणि रिकामी काळी कॅब आतून सुसाट, हे दृश्य खटकतं, आणि त्यावर नियमात उत्तर नाही.

आता नोटीस हातात आल्यावर. घाईने पैसे भरू नका. भरलेत की प्रकरण मिटलं, नंतर हरकत घेता येत नाही. नोटिशीवरचा पीसीएन नंबर आणि गाडीचा नंबर घालून त्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर फोटो किंवा चित्रफीत पाहा. गाडी तुमचीच आहे का, वेळ कोणती, पाटी दिसते का, डावीकडे वळायला तुम्ही तुटक रेषेवरून आत आलात का, ॲम्ब्युलन्सला वाट देत होता का, हे त्यात कळतं. मग लेखी हरकत, तिथल्या भाषेत ‘रिप्रेझेंटेशन’, २८ दिवसांच्या आत ऑनलाइन किंवा पोस्टाने. शक्य तर पहिल्या चौदा दिवसांतच. हरकत फेटाळली तरी पुष्कळदा सवलतीची रक्कम पुन्हा देऊ करतात. उत्तरात तसं लिहिलेलं असेल तरच मात्र त्यावर विसंबा.

कायद्याला मान्य कारणं मोजकी आहेत, आणि कागदही कारणाप्रमाणे लागतात. नियमभंगच झाला नाही असं म्हणायचं असेल तर पाटीचा, रस्त्यावरच्या रेषांचा फोटो; पाटी झाडाआड असेल तर चालकाच्या बाजूने काढलेला. गाडी विकली होती तर विक्रीची पावती आणि डीव्हीएलएला कळवल्याचा पुरावा. चोरीला गेली होती तर पोलिसांचा क्राइम रेफरन्स नंबर. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीला भाडेकराराची प्रत जोडून जबाबदारी चालकाकडे वळवता येते. पोलिसाने हाताने आत वळवलं असेल तर जागा, वेळ आणि जमलं तर त्याचा खांद्यावरचा नंबर.

माणुसकीची कारणं, म्हणजे घरातल्या कोणाला अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं वगैरे, याच पहिल्या पत्रात घाला आणि हॉस्पिटलचं पत्र जोडा. दंड सोडून देण्याचं स्वातंत्र्य टीएफएल किंवा कौन्सिलला असतं. पुढच्या पायरीवरचा निवाडा करणारा कायद्याच्या चौकटीत बसेल तेवढंच बघतो. तिथे पहिल्यांदा रडगाणं गायलं तर सहानुभूती मिळेल, सुटका नाही.

हरकत फेटाळल्याचं पत्र आलं की पुन्हा २८ दिवस. या वेळी अपील लंडन ट्रायब्युनल्सकडे, टीएफएल किंवा कौन्सिलशी संबंध नसलेल्या ॲडज्युडिकेटरपुढे, म्हणजे निवाडा करणाऱ्यापुढे. फी नाही, वकील लागत नाही. कागदांवरच निकाल मागता येतो किंवा सुनावणीही घेता येते. फेटाळल्याच्या पत्रासोबत अपिलाची माहिती येते, ते पत्र फेकू नका.

काहीच केलं नाही तर २८ दिवसांनंतर चार्ज सर्टिफिकेट येतं आणि रक्कम दीडपट होते, १६०चे २४०. त्यानंतर वसुली नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरकडे नोंदवली जाते आणि शेवटी बेलिफ दारात येतो. पुष्कळांना पहिली नोटीसच मिळालेली नसते, कारण घर बदललं पण गाडीच्या व्ही५सी या नोंदणीच्या कागदावर पत्ता जुनाच. वसुलीच्या आदेशासोबत येणाऱ्या फॉर्मवर ‘मला पीसीएन मिळालीच नाही’ असं निवेदन मुदतीत देता येतं. ते मान्य झालं तर दंड माफ होत नाही, प्रकरण मागे जातं आणि हरकत घेण्याची संधी परत मिळते. खोटं निवेदन हा मात्र गुन्हा आहे.

भारतातून आलेले पाहुणे आपल्या लायसन्सवर ब्रिटनमध्ये बारा महिने गाडी चालवू शकतात, आणि बहुतेक वेळा ती भाड्याची असते. नोटीस आधी कंपनीकडे जाते. कंपनी करारातली वेगळी फी कापून घेते आणि मग एकतर दंड भरून तुमच्या कार्डावर टाकते किंवा तुमचा पत्ता कळवते. पहिल्या प्रकारात दाद मागायची सोय संपलेली असते. म्हणून चावी घेतानाच कंपनी यातलं काय करते ते विचारा, करारावर भारतातला पिनकोडसकट पूर्ण पत्ता आणि ईमेल लिहिला आहे ना ते पाहा, आणि करार परतीच्या विमानानंतरही काही महिने जपून ठेवा.