मुतखड्याची मशीन इथवर आली कशी

शॉकवेव्ह थेरपी म्हटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, तिथं करंट देतात काय? नाही देत. नावात शॉक आहे एवढंच, बाकी ती दाबाची लाट आहे, आवाजाचीच थोरली भावंड म्हणा हवं तर. हे विषयात यायचं कारण म्हणजे सांगलीतला एक दोस्त, पन्नाशीला टेकलेला, परवा विश्रामबागेत चहा पिताना हळूच मोबाईल पुढं करून म्हणाला हे बघ जरा, आणि त्यात या शॉकवेव्हची जाहिरात होती, लिंगाच्या ताठरतेच्या तक्रारीवर गोळी नाही ऑपरेशन नाही, जर्मन टेक्नॉलॉजी, बारा सिटिंग. मग मी म्हटलं जर्मन कुठून आलं यात, जरा मागनं बघू.

तर जर्मनी खरंच आहे यात, पण सुरुवात विमानापासून आहे. डॉर्निअर म्हणून विमानं बनवणारी कंपनी, आवाजापेक्षा जोरात जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले की पत्र्याला खड्डे पडायचे, ते का पडतात याचा अभ्यास करताना या लाटांकडं त्यांचं लक्ष गेलं. लाट मऊ मांसातनं, पाण्यातनं बिनबोभाट जाते आणि कडक वस्तू आली की तिथं दणका देते. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की शरीरातली कडक वस्तू कुठली, तर मुतखडा. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या टीमनं पहिल्या पेशंटचा खडा न कापता फोडला. पेशंटला पाण्याच्या टबात बसवायचे, खाली ठिणगी पाडायची आणि लाट धातूच्या वाडग्यावर आपटून बरोबर खड्यावर गोळा व्हायची. १९८४ ला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं-यंत्रं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं पण मान्यता दिली आणि मशीन जगभर गेली.

आपल्याकडं हे पटायला वेळ लागला नाही. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून अख्खं कोल्हापूर, सातारा, वर कर्नाटक तिथं येतंय. माझ्या मामाचा खडा पण मिरजेतच फोडला, वीसेक वर्षं झाली, संध्याकाळी गडी चालत घरी, दोन दिवस लघवीतनं वाळू पडली आणि विषय संपला. तेव्हापासून आमच्या घरात त्या मशीनला देवाची जागा आहे आणि दोस्ताच्या डोक्यात पण तेच होतं, मामाचा खडा फुटला की रे.

पण मधे अजून दोन थांबे आहेत ते जाहिरातीत येत नाहीत. खडे फोडताना लक्षात आलं की लाटेच्या वाटेत येणाऱ्या हाडात पण काहीतरी बदल होतोय. मग १९९१ मध्ये बल्गेरियाच्या डॉक्टरांनी न जुळणाऱ्या फ्रॅक्चरवर ती वापरल्याचं छापलं आणि २००० मध्ये टाचदुखीसाठी अमेरिकेत एका मशीनला मान्यता मिळाली. फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये टाचेला टकटक करणारं यंत्र असतं ना, ते याच घराण्यातलं, जरी त्यातली बरीचशी सख्खी नाहीत, ते पुढं येतंच. दुसरा थांबा जपान. तिथं २००४ मध्ये डुकरांच्या रक्त कमी पडणाऱ्या हृदयावर अगदी हलकी लाट सोडली, खडा फोडायला लागते त्याच्या साधारण दहाव्या भागाची, आणि तिथं नव्या बारीक रक्तवाहिन्या दिसल्या. इथं सगळी गोष्टच उलटी फिरली बघा, आधी लाट तोडायला होती, आता म्हणे वाढवायला.

ताठरता म्हणजे शेवटी रक्ताचाच खेळ, लिंगात रक्त भरून ते तिथं टिकायला पाहिजे, आणि शुगर, बीपी, तंबाखू या तिघांनी आधी बारीक वाहिन्याच खराब होतात. हृदयाच्या नळीपेक्षा इथली नळी बारीक म्हणून इथं तक्रार आधी येते, कधीकधी हार्ट अटॅकच्या काही वर्षं आधी. मग इस्रायलमधल्या हैफाचे डॉक्टर योराम वार्डी यांनी विचार केला की जपानवाल्यांचीच हलकी लाट इथं दिली तर? २०१० मध्ये २० पुरुष, तीन आठवडे आठवड्याला दोन सिटिंग, तीन आठवडे सुट्टी, परत तेच, म्हणजे ती बारा सिटिंग. पेशंटनं भरायच्या प्रश्नावलीवर ताठरतेचा स्कोअर काढतात, तो महिन्यानं ३० पैकी सरासरी साडेतेरावरनं जवळपास एकवीसवर गेला. पण तुलनेला खोटं मशीन लावलेला गटच नव्हता त्यात. तो २०१२ मध्ये ठेवला, ६७ जण, खऱ्या लाटेवाल्यांचा स्कोअर ६.७ नं वाढला आणि नुसतं मशीन टेकवलेल्यांचा पण ३ नं वाढला. मला तर हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण कुणी गंभीर चेहऱ्याचा डॉक्टर लक्ष देतोय यानंच माणसाला अर्धा धीर येतो.

त्याआधी या दुखण्याला काय होतं ते पण बघा, कारण त्याशिवाय लोक बारा सिटिंगचे पैसे का भरतात ते कळत नाही. एसटी स्टँडच्या मुतारीत आणि हायवेच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती, आणि हे १९५४ चा कायदा असताना, ज्यात असल्या औषधांची जाहिरात करायलाच बंदी आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून लैंगिक आरोग्यावर मराठीत मासिक काढत होते, कोर्टात खेचले गेले. डॉक्टरकडं तरी काय होतं म्हणा, बरीच वर्षं सगळं मनाचं आहे म्हणूनच घरी पाठवायचे. ते मोडलं १९८३ ला, लास व्हेगासला युरोलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकाराच्या डॉक्टरांच्या सभेत ब्रिंडली नावाच्या इंग्रज प्राध्यापकानं आधीच स्वतःच्या लिंगात रक्तवाहिन्या सैल करणारं इंजेक्शन टोचून घेतलं होतं आणि स्टेजवरच पॅन्ट खाली करून रिझल्ट दाखवला, समोर लोकं बायकांना घेऊन आलेली. हसायला येतं पण त्या दिवसानंतर हे रक्तवाहिन्यांचं काम आहे हे कुणाला नाकारता आलं नाही. मग १९९८ ला व्हायग्रा आली, ती पण मुळात हृदयाच्या दुखण्याची म्हणून तपासत होते. स्वस्त झाली, पण छातीत दुखण्यावरची नायट्रेटची गोळी चालू असलेल्याला ती चालत नाही आणि दरवेळी आठवणीनं घ्यावी लागते, म्हणून मुळातनं बरं करतो म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक कायम तयार.

आता सध्या कुठं आहे हे? डेन्मार्कमध्ये २०१७ ला १२६ जणांवर चाचणी केली, खऱ्या-खोट्या लाटेत फरक काही दिसला नाही, तिथं सिटिंग कमी होती हे पण खरं. दुसऱ्या काही चाचण्यांत दिसला, पण मशीन वेगळी, जोर वेगळा, किती दिवस टिकतं तेही वेगळं. अमेरिकेच्या युरोलॉजी संघटनेनं २०१८ मध्ये याला अजून प्रयोगातलंच म्हटलं, युरोपच्या संघटनेनं सौम्य आणि रक्तवाहिन्यांच्याच तक्रारीत, ते पण कच्च्या शिफारशीनं, वापरा म्हटलं. शिवाय बऱ्याच ठिकाणी जे यंत्र असतं ते रेडियल असतं, म्हणजे आत हवेनं छर्ऱ्यासारखी एक गोळी पुढंमागं आपटते, लाट वरच्यावर पसरते आणि ती खरी शॉकवेव्हच नाही. खर्चाचं बिल मात्र दोन्हीला सारखंच लावतात, निदान दोस्ताला तरी तसंच सांगितलं होतं.

मामाचा खडा फुटला हे सोनोग्राफीत दिसलं, वाळू डब्यात पडलेली दिसली. इथं स्कोअर म्हणजे प्रश्नांची एक चिठ्ठी, ती आपणच भरायची. एवढं ऐकून दोस्त गप्प बसला, मग म्हणाला आधी शुगर तरी बघतो. बघितली, उपाशीपोटी २४० निघाली.